दोन सह्यांचा प्रबंध

घराण्यात एकमेकांशी न बोलण्याचे बरेच प्रकार आजवर होऊन गेले होते. पण एकाच बाकावर शेजारी बसून, एकाच पुस्तकात बघून न बोलणं हा प्रकार टिल्लू आणि काकांनी आणला.

टिल्लू हा बाबांचा एकुलता एक मुलगा. घरात सगळ्यांत उंच तोच, म्हणून साहजिकच टिल्लू. काका हे बाबांचे धाकटे भाऊ, पंचावन्न ओलांडलेले. दोघंही गेली दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गात केमिकल इंजिनिअरिंगचं मास्टर्स करत होते, आणि त्याला निमित्त झाला होता विमा कंपनीचा एक माणूस. घरचा कारखाना तसा सरळ होता. रंगवाल्यांकडून वापरलेलं मळकं थिनर आणायचं, उंच कॉलममध्ये उकळून त्यातलं इथाइल ॲसिटेट आणि टोल्युईन वेगळं करायचं आणि शुद्ध माल म्हणून पुन्हा त्याच रंगवाल्यांना विकायचं. विम्याच्या माणसानं हे सगळं फिरून बघितलं आणि विचारलं, "इथले केमिकल इंजिनिअर कोण?" बाबांनी काकांकडे बघितलं, काकांनी कॉलमकडे. काकांकडे पदवी होती, पण विम्याच्या माणसाला ती फार शिळी वाटली. त्याला ताजी आणि एक इयत्ता वरची हवी होती. बाबांनी टिल्लूला मास्टर्सला घातलं. काकांनी त्या रात्री जेवणानंतर येऊन एवढंच विचारलं, "प्रवेशाला वयाची अट आहे का रे?"

नव्हती.

तेव्हापासून घरात दोन दप्तरं भरली जात होती. काकू काकांचं भरायची, आई टिल्लूचं, आणि कुणाच्या डब्यात जास्त काय दिलं याच्यावर दोघी जावांची बारीक नजर असे. पहिल्या सहामाहीत काका वर्गात पहिले आले आणि बाबांनी आठवडाभर कुणालाही ते सांगितलं नाही. शेवटच्या सहामाहीत विभागातल्या गाईड बाईंनी दोघांचे अर्ज बघितले. दोघांनी एकमेकांना न विचारता एकच विषय लिहिला होता: घरच्याच कॉलमची कार्यक्षमता. बाई म्हणाल्या, "एक कॉलम, एक विषय, मग प्रबंध तरी दोन कशाला? जोडीनं करा. फक्त रीडिंगच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या लागतील."

आज रविवार होता. प्रबंध उद्या द्यायचा होता. मुदत आधीच दोनदा वाढवून घेतली होती. उद्या तो गेला नाही तर दोघांचीही नावं रद्द, दोन वर्षं पाण्यात. रीडिंगची पानं बाबांच्या दिवाणखान्यातल्या टीपॉयवर पडली होती. त्यांवर टिल्लूची सही होती. काकांची नव्हती.

"पेन देऊ का?" बाबांनी विचारलं.

"पेन आहे," काका म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही. खोट्या रीडिंगवर मी सही करत नाही."

टिल्लू सोफ्याच्या टोकाला बसला होता. इतका वेळ भिंतीकडे बघत होता, तो आता छताकडे बघू लागला. रीडिंग खोटी होती यात त्याला स्वतःला काही शंका नव्हती. वर्गात सगळेच तसंच करत. आधी उत्तर ठरवायचं, मग तिथून उलटं गणित करत मागं यायचं आणि आकड्यांना मधूनमधून थोडं वाकडं करायचं, म्हणजे ते खरे वाटतात. त्याच्या मते त्यानं हे काम फार मन लावून केलं होतं. शेवटचा अंक कुठे पाच आणि कुठे आठ द्यायचा यावर एक अख्खी दुपार घालवली होती. एवढ्या वेळात खरी रीडिंग घेऊन झाली असती, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"खोटी कशावरून?" बाबा म्हणाले. "आलेख बघ किती सुंदर आलाय. गाईड बाई खूश होतील."

"आलेख सुंदर आहे. तारीख बघ ना दादा. तारीख." काकांनी पान उचलून बाबांच्या नाकासमोर धरलं. "त्या दिवशी बॉयलर उघडला होता. दिवसभर मी त्याच्या पोटात बसून नळ्या खरवडत होतो. मग कॉलमला वाफ कुठून आली? ह्याच्या तोंडातून?"

काकूला हसू आलं. तिनं ते खोकल्यात घालून संपवलं.

"तारीख बदल," बाबा टिल्लूला म्हणाले, इतक्या सहज की जणू टीव्हीचा चॅनेल बदलायला सांगत होते. "झालं. एवढ्यासाठी सगळ्यांना गोळा केलंस?"

"गोळा तुम्ही केलंत, बाबा."

"मी केलं कारण तुझे काका ऐकेनात!"

आई आतून चहा घेऊन आली. इतका वेळ ती बाबांच्या बाजूची होती. टिल्लूचं नाव रद्द होणं तिला परवडण्यासारखं नव्हतं, कारण तिनं ते नाव आधीच 'मास्टर्स झालेला' असं करून माहेरी कळवलं होतं. "भाऊजी," ती म्हणाली, "लहान आहे तो. एक सही करून टाका ना. तुमचंही काम होईल."

"वहिनी, लहान आहे म्हणता, सव्वीसचा घोडा झालाय."

"तुमचंही नाव जाईल की पण."

"जाऊ दे. मी आपला साध्या पदवीनं मरेन."

"हो, म्हणजे मी दोन वर्षं डबे भरले ते साध्या पदवीसाठी," काकू म्हणाली. ती आता उघडउघड बाबांच्या गोटात गेली होती. "रोज सकाळी उष्णतावहन, रात्री उष्णतावहन. झोपेत सूत्रं म्हणतात हे. मला पाठ झालीत. आता सही न करून ह्यांना कुठला मान मिळणार आहे, मला एकदा कळू दे."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "मी सही करतो."

एवढं सोपं निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"करतो. पण खऱ्या रीडिंगवर. आज घ्यायची. जे येईल त्याच्यावर, आलेख कसाही येवो, डोळे मिटून सही करतो. बॉयलरवाल्याला मी सकाळीच बोलावून ठेवलंय, वाफ चढत आली असेल."

"म्हणजे तू ठरवूनच आलास!" बाबा उसळले.

"ठरवून नाही आलो. सुरुवात करून आलो."

आतापर्यंत कोपऱ्यातल्या खुर्चीत आजी डोळे मिटून बसली होती. बाबा आणि काका तिचे मुलगे. त्या दोघांची भांडणं ती डोळे मिटूनच ऐकायची, आवाजावरून तिला सगळं दिसायचं. ती आता उठली आणि चपला शोधू लागली.

"आई, तू कुठे?" बाबांनी तिला विचारलं.

"कारखान्यात. ह्यांच्या हातचा कॉलम आहे. मी पाया घालताना बघितलेला, नंतर कुणी नेलंच नाही मला." 'हे' म्हणजे आजोबा. त्यांनी कॉलम उभा केला होता, आणि पुढं त्याच्या आतले सगळे ट्रे काकांनी नव्यानं बसवले होते. काकांनी ट्रे बसवले ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगितली गेली होती की टिल्लूला शाळेत निबंध लिहायला तीच लागायची.

आजी निघाली म्हटल्यावर कुणाला घरी थांबता येईना.

*

कारखान्याच्या फाटकातच काकांनी सगळ्यांचे मोबाईल काढून घेतले आणि ऑफिसच्या खणात बंद केले. आत वाफा असतात, ठिणगी चालत नाही, हे त्यांनी नवख्या कामगारांना सांगावं तसं बाबांनाही सांगितलं. बाबा मालक होते, पण वर्षानुवर्षं ऑफिसच्या पुढे गेले नसल्यामुळे त्यांनी निमूट फोन दिला. काकूला हातात फोन नसल्यानं हात कुठं ठेवावेत ते सुचेना. तिनं नाक वर केलं. "नेलपॉलिश काढल्यासारखा वास येतोय."

"तेच आहे ते. इथाइल ॲसिटेट," टिल्लू म्हणाला. घरात आपलं ज्ञान कुणाच्या उपयोगी पडण्याची ही त्याची पहिलीच वेळ होती.

कॉलम ऑफिसच्या खिडकीतून दिसत होता. तीन मजल्यांएवढा उंच, जाड नळीसारखा, अंगावर पत्र्याचं वेष्टण. आजीला खिडकीपाशी खुर्ची दिली. तिनं तो खालून वरपर्यंत बघितला आणि विचारलं, "ह्याच्या आत असतं काय?"

"वीस ट्रे आहेत, आई," काका म्हणाले. त्यांच्या आवाजाला एकदम मऊपणा आला. "एकावर एक, भोकांचे. खालून वाफ चढते, वरून पातळ उतरतं. प्रत्येक ट्रेवर दोघांची गाठ पडते आणि हलकं असेल ते थोडं वर सरकतं, जड असेल ते खाली. असं वीस वेळा होत गेलं की डोक्यावर शुद्ध माल."

"आणि आज काय मोजणार?"

"वीसातले किती खरोखर काम करतायत ते," टिल्लू म्हणाला. "काकांचे—" त्यानं पुढचं गिळलं. त्याच्या सकाळच्या पानांत चौदा करत होते. चौदा हा आकडा त्यानं काकांना बरं वाटावं म्हणून निवडला होता. गाईड बाईंनी शिकवलं होतं, की जुन्या कॉलमला एवढं पुष्कळ.

रीडिंग घेण्याची रीत पुस्तकात एका ओळीत होती: माल बाहेर न काढता कॉलम चालवायचा, वर गेलेली सगळी वाफ थंड करून परत डोक्यावर सोडायची, आणि तापमान हलायचं थांबेपर्यंत थांबायचं. ही ओळ टिल्लूनं परीक्षेत दोनदा लिहिली होती. त्यातला 'थांबायचं' हा शब्द एवढा लांब असेल याची त्याला कल्पना नव्हती. तो लोखंडी शिडीनं वरच्या फळीवर जायचा, तापमान बघायचा, खाली येऊन सांगायचा. काका मान हलवून म्हणायचे, "अजून." तो परत चढायचा.

"हललं?"

"अर्ध्या अंशानं."

"मग अजून. घाई केलीस तर कॉलम तुला बरं वाटेल ते दाखवतो."

ऑफिसमध्ये आईनं डबा उघडला होता. बाबा टेबलामागे बसून जुन्या कॅलेंडरवरचं चित्र बघत होते. थोड्या वेळानं त्यांना चित्राचा कंटाळा आला आणि ते खिडकीशी येऊन मुलाचं शिडीवर चढणं बघू लागले. "ह्याला शाळेत उंच उडीत घालायला हवं होतं," ते म्हणाले. मुलाविषयी त्यांनी काढलेलं त्या दिवसातलं हे पहिलं प्रेमाचं वाक्य होतं.

दुपार उलटून गेली तेव्हा काटा एका जागी बसला. टिल्लूनं वरून हात केला. काकांनी खालून हात केला. दोन वर्षांत दोघांमध्ये झालेला हा पहिला संवाद असावा ज्यात टोमणा नव्हता.

त्यानं डोक्याशी एक आणि तळाशी एक असे नमुने घेतले, बाटल्या थंड होऊ दिल्या आणि ऑफिसमागच्या छोट्या खोलीत गेला. तिथं रिफ्रॅक्टोमीटर होता, थेंबातून जाताना उजेड किती वाकतो त्यावरून माल किती शुद्ध ते सांगणारा. काचेवर थेंब ठेवायचा, झाकण लावायचं, डोळा लावायचा. आत एक गोल दिसतो, अर्धा उजेडाचा, अर्धा अंधाराचा, आणि त्या दोघांमधली रेघ जिथं पडेल तो आकडा वाचायचा. टिल्लूनं बटण फिरवत रेघ मधोमध आणली. डोळा लावला. मग डोळा काढून पुसला आणि परत लावला.

आकडा त्याच्या ओळखीचा नव्हता. हे त्याच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. आजवरचा प्रत्येक आकडा त्याला भेटण्याआधीच माहीत असायचा. तो आकड्यांना बोलवायचा आणि ते यायचे. हा न बोलावता आला होता. त्या बारक्या खोलीत, नेलपॉलिशच्या वासात, त्याला विचित्र वाटलं, की या घडीला ही गोष्ट जगात फक्त आपल्याला माहीत आहे, आणि आपल्याला ती नकोय, तरी ती आहे.

त्यानं दुसरा थेंब ठेवला. मग पहिल्या बाटलीतला पुन्हा ठेवला. रेघ तिथंच.

*

आलेख सगळ्यांसमोर काढावा लागला, कारण ऑफिसमध्ये एकच टेबल होतं. टिल्लूनं कागदावर दोन रेषा आखल्या, एक सरळ, एक पोट सुटल्यासारखी, आणि त्या दोघींमध्ये वरच्या टोकापासून जिन्यासारख्या पायऱ्या पाडायला लागला. आडवी, उभी. आडवी, उभी. कॉलमच्या डोक्यावरच्या मालापासून तळाच्या मालापर्यंत जितक्या पायऱ्या, तितके ट्रे खरे काम करणारे. काका त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते. तिसऱ्या पायरीला त्यांनी चष्मा पुसला. पाचव्या पायरीला ते सरळ उभे राहिले. सहाव्या पायरीला जिना तळाला टेकला.

"पुढे?" बाबांनी विचारलं.

"पुढे नाही. संपलं. सहा."

"सहा काय?"

"सहा ट्रे. म्हणजे खरं तर पाच. एक पायरी तळाच्या भांड्याचीच धरतात."

आजीनं डोळे उघडले. "म्हणजे वीस जण ठेवलेत आणि काम पाच जण करतायत?"

"तसंच म्हणायचं, आजी."

"मग आपल्या घरासारखंच झालं."

काकांच्या चेहऱ्यावरून रंग उतरत चालला होता. तो चेहरा असा टिल्लूनं पहिल्यांदाच बघितला. वर्गात पहिला येणारा माणूस, बॉयलरच्या पोटात बसणारा, तारखेवरून कुणालाही न सोडणारा. आणि ते वीसही ट्रे त्यानं स्वतःच्या हातांनी बसवले होते.

"नमुना नीट घेतला नसशील," काका म्हणाले.

"तीनदा बघितला."

"बाटली ओली असेल."

"कोरडी होती. तुम्हीच दिलीत."

काका स्वतः आत गेले. बराच वेळ त्या खोलीतून काचेच्या झाकणाचा आवाज येत राहिला. बाहेर आले तेव्हा त्यांनी आकडा सांगितला नाही, एवढंच म्हणाले, "कडेच्या फटीतून वाफ निसटतेय. ट्रेवरून न जाता बाजूनंच वर पळते. फटी बुजवणारी गॅस्केटं गेलीत."

"मग बदलायची होतीस!" बाबा म्हणाले.

"मागितली होती. तू म्हणालास, चालतंय ते चालू दे."

"तू नीट मागितली नाहीस. नीट मागितली असतीस तर मी नाही म्हटलं असतं का?"

"नीट म्हणजे कशी? पाया पडून?"

"भांडा, भांडा," आई म्हणाली. "चहा आहे का इथं?"

पण भांडण पुढं सरकेना. बाबांच्या डोक्यात काहीतरी दुसरंच सुरू झालं होतं. कारखान्याच्या प्रत्येक पिंपावर एक चिठ्ठी असे, आणि तिच्यावर छापलेलं असे: शुद्धता नव्व्याण्णव टक्के. ती आजोबांच्या वेळची छपाई होती. पाच ट्रेंच्या कॉलममधून नव्व्याण्णव निघत नाही, एवढं गणित बाबांनाही कळलं. मघाशी टिल्लूच्या आजच्या पानावर डोक्यावरचा माल त्र्याण्णव टक्के होता.

त्यांनी खुर्ची काकांच्या जवळ ओढली. "हे गाईड बाई वाचणार?"

"वाचणार."

"आणि मग विम्याचा माणूस?"

"प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवतात. कुणीही वाचू शकतं," काका म्हणाले.

दोघं भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. टिल्लूनं त्या दोघांना असं कधी बघितलं नव्हतं. काहीही न बोलता ठरवणं, हे लहानपणी भावांना जमतं तसं त्यांना जमत होतं. मग काकांनी ऑफिसच्या खिडकीतून कॉलमकडे बघत, कुणाशीच बोलत नसल्यासारखं म्हटलं, "ती सकाळची पानं आहेत का रे?"

"कुठली?"

"चौदावाली."

टिल्लूला वाटलं, आपण चुकीचं ऐकतोय. "ती खोटी आहेत, काका."

"तारीख चुकलीय फक्त. आजची घाल. आज वाफ होती ना? होती. बॉयलरवाला साक्षीला आहे. मी सही करतो."

"सकाळी तुम्ही म्हणालात, आलेख कसाही येवो—"

"सकाळी मला आलेख माहीत नव्हता!"

काकू उभी राहिली. काकांचा आवाज चढल्याबरोबर तिचा बाबांच्या गोटातला मुक्काम संपला. पण काकांच्या बाजूला जावं, तर तिथं आता बाबाच बसले होते. ती आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. वर्षानुवर्षं दोन चुली वेगळ्या ठेवणाऱ्या त्या घरात दोन भाऊ एका बाजूला आणि दोन जावा एका बाजूला, असं पहिल्यांदाच झालं होतं. आजोबांनी सांगून, आजीनं रडून जे जमलं नव्हतं ते एका नादुरुस्त कॉलमनं करून दाखवलं.

"टिल्लू, बाळा," बाबा म्हणाले. बाळा हा शब्द त्यांनी कुठल्या तरी जुन्या सामानातून काढला असावा. "तुझाच आलेख आहे. तूच तयार केलास. किती सुंदर आहे, मी सकाळीच म्हटलं. काका सही करतायत. उद्या प्रबंध जाईल, डिग्री येईल, आणि तुझ्या दारावर पाटी लागेल, तांत्रिक संचालक. मग गॅस्केटं हळूच बदलून घेऊ. कुणाला कळणार आहे?"

टिल्लूनं बॅगेतून सकाळची पानं काढली. खरंच सुंदर होती. तळाच्या भांड्याची धरून पंधरा पायऱ्या, प्रत्येक थोडीशी वाकडी, जिथं वाकडी असायला हवी तिथंच. सकाळी ह्याच पानांसाठी तो काकांच्या पाया पडायला तयार होता. आता काका पेन उघडून बसले होते आणि सगळं आपोआप त्याच्या पदरात येत होतं. त्यानं फक्त तारीख खोडायची होती.

"विचार कसला करतोस?" काका म्हणाले. त्यांना त्याच्याकडे बघवत नव्हतं. "तू तर ह्याच्यासाठी एक अख्खी दुपार घातलीस."

"हो. पण मला सगळं आधीच माहीत होतं त्यात." टिल्लूला नीट सांगता येईना. त्याला शब्दांची सवय नव्हती. घरात बोलण्याचं काम इतर लोक करत. "हे नव्हतं माहीत. हे आलं. मी तिथं डोळा लावून बसलो होतो आणि ते आलं, काका. तुम्ही पण आत गेलात, तुम्हाला पण तेच आलं. आता मी चौदा कुठून आणू?"

"सकाळी आणलेस तसे आण," बाबा म्हणाले.

"सकाळी मी बघितलं नव्हतं."

त्यानं आजचं पान काकांच्या समोर सरकवलं, सहा पायऱ्यांचं. खाली त्याची सही झालेली होती, कधी केली ते त्यालाही आठवेना. शेजारची जागा मोकळी होती. "तुम्ही नाही केलीत तर नावं रद्द होतील. माझं जाऊ दे. तुमचं पण जाईल, एवढंच वाईट वाटतं. तुम्ही वर्गात पहिले आहात."

हे बोलणं काकूला लागलं. "पहिले आहेत ना ते?" ती आईला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मग पहिल्यासारखे वागू देत."

"आपल्याला कुठं कळतंय त्यातलं," आई म्हणाली. "मी तर माहेरी कळवून बसलेय." मग तिनं जरा विचार केला. "कळवीन परत. काय होतंय."

बाबांनी टेबलावर हात आपटला. "तुम्हाला गंमत वाटतेय? अरे, संचालक झाल्यावर पिंपाच्या चिठ्ठीवर ह्याचीच सही लागणार आहे! विम्याच्या माणसाला तीच हवी होती. त्यासाठी तर शिकवला!"

टिल्लूला हे कुणी सांगितलं नव्हतं. "रोजच्या पिंपांवर?"

"मग काय वर्षातून एकदा?"

"मग रोज मोजावं लागेल."

"मोजायचं कशाला? छापलेलं आहे!"

"सही करायची असली तर मोजावं लागेल, बाबा," टिल्लू म्हणाला, आणि त्यात काही विशेष बोललो असं त्याला मुळीच वाटलं नाही. "जे येईल ते लिहीन."

बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. विम्याच्या माणसासाठी आणलेला, फीसकट पोसलेला, रोज डबा देऊन धाडलेला हा उंच इसम आता कायमचा कारखान्यात बसणार होता, आणि काचेला डोळा लावून. ते काकांकडे वळले. दोन भावांची युती अजून तासाभराचीही नव्हती, तिच्या आधारानंच ते म्हणाले, "काय करून बसलो रे? ह्याला शिकायला पाठवायची अक्कल कुणाची होती?"

काका त्या सहा पायऱ्यांवर बोट फिरवत होते, वरून खाली, मग खालून वर, जणू मधे एखादी राहून गेलेली सापडेल. सापडली नाही. त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि मोकळ्या जागेत, अगदी सावकाश, पूर्ण नावानिशी सही केली.

"अक्कल तुझीच होती, दादा," ते म्हणाले.